भिंतीचा चुना कोण खातं?

वत्सलाताई गेल्याचं पुतण्यानं दवाखान्यातून फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "नक्की ना?" आता काय म्हणावं मला! पण माझ्या या थोरल्या जावेशेजारी उभा जन्म काढलाय, त्यांचा संशय मला चिकटल्याशिवाय कसा राहील? निजामपुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. ताई डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचाही वास घ्यायच्या, आणि गल्लीतले कापडाचे लूम बंद पडले की, "आज आवाज का न्हाय गं सुमे?" म्हणून मलाच दटावायच्या...

त्यांची सून सारिका गणेशपुरीकडची. तिला दिवस गेले त्या पावसाळ्यात मोरीमागच्या भिंतीचा चुना उडायला लागला. पोपडे नव्हेत, बारीक खरवडल्याच्या रेघा. ताईंनी मला बाजूला घेतलं. "पोरगी चुना खाते. डोहाळे लागलेत. पोटातल्या बाळाचं काय होईल?" सारिका शपथा घेऊन रडली. ताईंनी तिची नखं तपासली, जीभ बघितली, आणि म्हणाल्या, "उद्या हिला माहेरी धाडते. तिथं कुडाच्या भिंती हायत, चुना न्हाय." पोरीचं तोंड एवढंसं झालं. असा ठपका घेऊन माहेरी गेलेली सून गावाला काय सांगणार?

सकाळी ती पिशवी भरून उंबऱ्यात उभी, आणि ताई मोरीमागं वाकून बसलेल्या. मला हाक मारली. ओल्या भिंतीवर मुगाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी, पाठीवर तपकिरी टोकदार शंख, चुना खरवडत सरकत होत्या. शंखाच्या तोंडाशी नवी पांढरी कड. ताईंनी चष्मा लावून निरखलं. "शीसुद्धा पांढरी गं!"

मी म्हटलं, "शंख वाढवायला चुना लागत असेल त्यांना."

"पण इथं आणून सोडल्या कुणी?" ... मग सुनेकडं वळल्या. "मला वाटलं..."

"काय वाटलं, आई?"

"काय न्हाय. चहा ठेव." पोरगी वळली तशा म्हणाल्या, "थांब. मीच ठेवते. तू बस." आणि तिची पिशवी स्वतः उचलून आत नेली. माफी म्हणायची ती एवढीच. पुढं सगळं घर ऑइलपेंटनं रंगलं, पण ती भिंत ताईंनी चुन्यावरच ठेवली. चुना त्याच लावायच्या.

ताई गेल्यानंतर आता परवा सारिकेकडं रंगाचं काम निघालं. रंगारी विचारत होता, "भाभी, ये एक दीवार क्यूँ छोड़नी?"

"उधर मेरी सास का पहरा है," सारिका म्हणाली. तो हसला, आणि शिडी हळूच लांब सरकवली. मग ती माझ्याकडं वळली. "काकी, चुना भिजत घातलाय. पण आधी तुम्ही बघा जरा... त्या दुकानदाराचा मला काय भरोसा वाटत न्हाय."