गरज नसलेली खाट

कमल गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रसाचे आंबे पिळत होते. हात तसेच माखलेले, आणि मनात पहिलं आलं ते हे, की मेलीला जायला मे महिनाच सापडला! महिना होत आला, पण अजून तिच्यावरचा राग जात नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघी गिरणी कामगारांच्या विमा दवाखान्यात डॉक्टर होतो. मी महाल भागातल्या वकिलाची मुलगी, ती मागावर काम करणाऱ्याची. विम्याच्या इस्पितळात लोक उगाच भरती होतात, अशी वरच्यांची ओरड होती. कमलने योजना मांडली, की नर्सने घरोघरी जायचं, जमेल ते औषधपाणी घरीच करायचं आणि दवाखाना संध्याकाळीही उघडा ठेवायचा. साहेबांनी एक वर्ष दिलं. प्रत्येक भरतीपुढे ‘गरज होती’ की ‘गरज नव्हती’ ते आम्ही लिहायचं. बिनगरजेच्या भरत्या घटल्या नाहीत, तर योजना बंद.

पावसाळा, हिवाळा झकास गेला. खाटा रिकाम्या पडू लागल्या. मी पेढे मागितले, तर म्हणाली, “थांब वं, उन्हाळा त जाऊ दे.”

आणि उन्हाळा आला... वॉर्ड गच्च. कुणाला चक्कर, कुणाला मळमळ. तपासावं तर काही नाही. रात्रपाळीचा नामदेव तर खाटेला पाठ लागताच घोरायला लागला. वॉर्डात कूलर होता ना! मी म्हटलं, सगळ्यांना ऊन लागलं म्हणून लिही, ‘गरज होती’ म्हण आणि योजना वाचव. तिने तसंच करायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण ती नामदेवच्या खाटेशी जाऊन बसली.

“काय होऊन राहिलं गा, भाऊ?”

“खोटं काहून बोलू, बाई? टिनाखाली दिवसा झोप लागत नाही. रात्री मागावर डुलकी आली त हात जाईन माहा.”

कमलने लिहिलं : ‘आजार नाही. घरी झोपता येत नाही.’ असं तिने एकेकाला विचारलं आणि जे ऐकलं ते लिहिलं. साहेबांनी ते सगळं ‘गरज नव्हती’मध्ये धरलं. योजना बंद झाली. त्या दिवशी ती माझ्यासमोर ढसाढसा रडली. “सुधा, आपण नुसता आजारच मोजून राहिलो होतो वं...”

पुढच्या उन्हाळ्यात तिने घरची बैठक रिकामी केली. खुर्च्या गच्चीवर, खाली सतरंज्या, खिडकीत नवा कूलर. रात्रपाळीची माणसं दुपारी येऊन झोपायची. आम्ही मैत्रिणी गेलो की चहा स्वयंपाकघरात, तोही कुजबुजत. मला कुजबुजता येत नाही, म्हणून माझ्यावरच बोलणी खायची पाळी. त्या मे महिन्यात नामदेव वॉर्डात दिसला नाही. पण आता मोजत कोण होतं?

परवा तिच्या घरी गेले. तिच्या धाकट्या बहिणीला, शांताला, पाहताच मला हुंदका फुटला. तिने पटकन ओठांवर बोट ठेवलं. बैठकीत कूलर सुरू होता आणि सतरंजीवर दोन कामगार गाढ झोपले होते.

“ताई गेली म्हणून भेटायले आले होते,” ती हळूच म्हणाली. “मीच म्हटलं, आलेच आहात त झोपून घ्या.”

आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो, दार लोटून घेतलं आणि आवाज न करता रडलो.