क्लिफर्ड टॅपिंगचे कांदे

क्लिफर्ड टॅपिंगसारखा हट्टी माणूस आमच्या थॉर्बी गावात दुसरा नाही, आणि आता तर तोही गावात नाही.

गावाला खेटून नवं शहर वसलं तेव्हापासून क्लिफर्डने डोक्यात राख घालून घेतली होती. तिकडचा प्रत्येक रस्ता एका गोल चौकात जाऊन पडतो, म्हणून तिथल्या लोकांना तो ‘गोलचौकवाले’ म्हणायचा. ही मंडळी ऑगस्टमधल्या आमच्या भाज्यांच्या स्पर्धेत उतरू लागली, तेव्हा त्यानेच समितीत भांडून नियम करून घेतला, की ज्याचं घर गावाच्या हद्दीत त्यानेच भाग घ्यायचा.

यंदा वसंतात कौन्सिलने हद्द नव्याने आखली. मोठ्या रस्त्यापलीकडचं सगळं शहरात गेलं. पलीकडे होतं काय? दोन शेतं आणि क्लिफर्डचं घर.

आणि नेमके यंदाच त्याचे कांदे असे पोसले होते की बघत राहावं. जन्मभर हा माणूस दुसरा आलेला. पहिला नेहमी स्टॅन्ली पेलो. क्लिफर्डची आता पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. पुढच्या वर्षी त्याच्याने वाफे खणवणार नव्हते, हे त्यालाही कळत होतं.

मी समितीची अध्यक्ष. लगेच बैठक बोलावली. “हा नियमच काढून टाकू या.”

“म्हणजे सगळे गोलचौकवाले आत?” क्लिफर्ड फिसकारला. समितीवरची त्याची मुदत अजून संपली नव्हती.

“येऊ देत की! तुझ्या कांद्यापुढे कोण टिकतंय?”

“बरं, तुझ्यापुरती सूट देऊ,” स्टॅन्ली म्हणाला. मनाने मोठा माणूस.

“सूट कशाला? मी काय राजघराण्यातला लागून गेलोय?”

“कांदे कुजून जातील रे, पण तुझा ताठा जायचा नाही!” मी ओरडलेच.

मतं घेतली. एका मताने नियम राहिला, आणि ते मत क्लिफर्डचं होतं. चहाची किटली उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी तो टाय लावून, तिकीट काढून आला. पहिलं बक्षीस स्टॅन्लीच्या कांद्यांना. त्या कांद्यांसमोर क्लिफर्ड हात मागे बांधून उभा राहिला. मीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात एक अनोळखी बाई आमच्याजवळ आली. “माझ्याकडचे याहून मोठे आहेत हो. पण आम्ही शहरातले, आम्हाला घेत नाहीत. तुम्ही गावातलेच का?”

“नाही,” क्लिफर्ड म्हणाला. “रस्त्यापलीकडचा.”

“मग तुमचंही तेच! कुठल्या गाढवाने केलाय हा नियम, कुणास ठाऊक.”

“माझ्या ओळखीचा आहे तो,” क्लिफर्ड म्हणाला. “कुणाचं ऐकत नाही.”