सीटवाले खंदारे

गाडीला हात लावण्याआधी भास्कर खंदारे ती हुंगत. दार उघडून कमरेतून वाकत, डोके आत घालत आणि डोळे मिटून मिनिटभर तसेच राहत. मग बाहेर येऊन निकाल देत. "पावसाचं पाणी आहे, सुकंल." किंवा "गटाराचं आहे, फोम फेकावा लागंल." खाडीचे पाणी असेल तर आधी बाजूला थुंकत. "खाडी शिरली हिच्यात. खाडी गाडीला सोडत नसती."

भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या मागे पत्र्याच्या गाळ्यात त्यांचे सीट शिवण्याचे दुकान होते. मी तेव्हा एका दैनिकात शहराच्या बातम्या करत होतो. पुरात बुडालेल्या महागड्या गाड्यांचे पुढे काय होते, हे मला लिहायचे होते. विमा कंपनी अशी गाडी भंगारात काढते, व्यापारी ती लिलावात घेतो, धुऊन-सुकवून पुन्हा विकतो. मीरा-भाईंदरमध्ये हे काम बऱ्याच ठिकाणी चालत असे. त्यातले आतल्या भागाचे काम खंदारेंकडे येई. सीट उतरवायच्या, कार्पेट काढायचे, फोम गच्चीवर सुकवायचा, चामडे नवे चढवायचे. गिऱ्हाइकाला गाडी कधी बुडाली होती असा संशयही येऊ नये, इतके ते काम सफाईदार होई.

वय साठीच्या पुढे होते. अंगाने सडपातळ. उजव्या तर्जनीला सुईचे घट्टे पडलेले. डिंकाच्या वासात आयुष्य गेल्याने बोलताना मधेच खोकला येई आणि तो थांबेपर्यंत समोरच्याला हाताने थांबवून ठेवत. मूळ गाव जालन्याकडचे. वडील बसस्टँडबाहेर चपला शिवत. ओळखीचे सगळे त्यांना मामा म्हणत.

त्यांच्या कामातल्या बहुतेक गाड्या एकाच जर्मन कंपनीच्या असत. कंपनीचे नाव ते घेत नसत. "जर्मन" एवढेच म्हणत. पहिल्या भेटीत त्यांनी मला अशा एका गाडीचे दार उघडून लावून दाखवले. "ऐकलं? बाकीच्या गाड्यांचं दार आपटतं. हिचं मिटतं."

कंपनीचा इतिहास त्यांना पाठ होता. कुठून वाचला हे त्यांनी कधी नीट सांगितले नाही. इंग्रजी त्यांना जेमतेम येत असे. गाडीचा शोध लावणारा नवरा घरात नकाशे बघत बसला आणि बायको त्याला न सांगता मुलांना घेऊन, तीच गाडी हाकत माहेरी निघाली, ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगत. "वाटेत तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं बाईनं. आणि उतारावर ब्रेक झिजले, तेव्हा चामडं कुणी ठोकून दिलं? चांभारानं. लिहून ठेवलंय त्यांनी. इंजिन साहेबाचं, पण गाडी घरी पोचवली चांभारानं." मी हे नंतर तपासले. खरे निघाले. त्या देशात काटेरी कुंपण नसते म्हणून तिथल्या जनावरांच्या कातड्यावर ओरखडा नसतो, ही त्यांची दुसरी आवडती गोष्ट मात्र मला कुठेही सापडली नाही.

त्याच भेटीत त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. एका गाडीतून पुढची सीट उतरवलेली होती. मधल्या भागातली एक जागा रिकामी होती. तिथे एअरबॅगचा डबा असतो. धडक बसली की हवेची पिशवी फुगवायची की नाही, हे तो ठरवतो. पाणी शिरले की तो मरतो. नवा महाग, म्हणून व्यापारी तो बसवत नाहीत. पण डबा नसला की समोर लाल दिवा पेटून राहतो आणि गिऱ्हाईक विचारते. म्हणून वायरमन त्या दिव्याची वायर शेजारच्या दिव्याला जोडून देतो. चावी फिरवली की दोन्ही पेटतात, दोन्ही विझतात.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारले.

"मी वरून कार्पेट टाकतो," ते म्हणाले. "माझं काम सीटपुरतं."

"हे नावासकट छापू?"

त्यांनी हाताने थांबवले, खोकून घेतले. "सायेब, नाव दिलं तर उद्यापासून गाडी कोण आणंल माझ्याकडं?"

सांगणाऱ्याच्या नावाशिवाय असा आरोप छापायला संपादक तयार नव्हते. बातमी त्या परिच्छेदावाचून छापून आली.

खंदारे नवघर रोडला एका जुन्या इमारतीत राहत. समोरच्याच दाराआड साळवी दांपत्य राहत होते. प्रकाश साळवी पोस्टातून निवृत्त झाले होते. लालबागची खोली विकून इकडे आलेले. पत्नी शुभांगी शिवणक्लास घेत. मुलगी लग्न होऊन मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये. संध्याकाळी इमारतीच्या बाकावर खंदारे आणि साळवी बसत आणि विषय जर्मनचाच असे. मी दोन-तीनदा त्या बाकावर होतो. लढाईत कारखाना जमीनदोस्त झाला, तरी कामगारांनी हाताने विटा उचलून तो पुन्हा कसा उभा केला, हे खंदारे सांगत आणि साळवी लहान मुलासारखे ऐकत.

एकदा साळवींनी त्यांना चिडवले. "मामा, तुमच्या जर्मननं लढाईत कैद्यांना राबवलं होतं म्हणे. आमचा जावई सांगत होता. ते नाही सांगत तुम्ही?"

"राबवलं," खंदारे म्हणाले. "उपाशी राबवलं. आणि मग चाळीसएक वर्षं तोंड शिवून बसले. शेवटी स्वतःच माणसं नेमली, कागद उघडले, लिहून काढलं की आम्ही हे केलं. दुसऱ्या कुणी एवढं केलेलं दाखवा मला."

"म्हणजे त्यातही कौतुकच!" साळवी हसले.

या बाकावरच साळवींच्या मनात गाडी शिरली. निवृत्तीचे पैसे हातात होते. एका व्यापाऱ्याकडे त्यांना पंधरा वर्षे जुनी, चंदेरी रंगाची गाडी मिळाली. मामांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्यांनी आधी काही विचारले नाही. रविवारी सकाळी गाडी थेट गेटमध्ये आणली. बॉनेटवर झेंडूचा हार होता. शुभांगीबाई पुढच्या सीटवर पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अर्धी इमारत खाली उतरली.

"चला मामा, तपासा तुमची जर्मन!" साळवी म्हणाले.

खंदारेंनी दार उघडले. त्या दिवशी त्यांनी डोके आत घातले नाही. पुढच्या सीटच्या कडेवरून बोट फिरवले आणि शिलाई ओळखली. ती त्यांचीच होती. गाडी खाडीच्या पाण्यातून आलेली, हे त्यांना आठवले. डब्याची जागा रिकामी होती, हेही आठवले. तो व्यापारी त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होता.

"काय मामा, कशी आहे?"

"सीट फर्स्ट क्लास आहेत," खंदारे म्हणाले.

हे सगळे त्यांनी मला पुढे सांगितले, म्हणून मला माहीत आहे. उद्या सांगू, असे त्यांनी त्या रात्री ठरवले होते. दुसऱ्या दिवशी साळवी गाडी पुसत होते. तिसऱ्या दिवशी शेजारचे पाहुणे फोटो काढत होते. नंतर सांगितले असते तर पहिला प्रश्न आला असता, मामा, तुम्हाला कधीपासून माहीत होते?

त्यांनी सांगितले नाही. त्याऐवजी एक वेगळाच मार्ग काढला. साळवी बाहेर निघाले की ते खाली येत आणि शुभांगीबाईंना म्हणत, "वहिनी, मागं बसत जा. ही मागं बसणाऱ्याची गाडी आहे. जर्मननं सगळा आराम मागच्या सीटसाठी केलाय. पुढं नोकर बसतात."

"मग आमचे हे ड्रायव्हर झाले की हो!" बाई हसत आणि पुढेच बसत. "चाळीस वर्षं लोकलच्या लेडीज डब्यात काढली, मामा. आता जरा नवऱ्याशेजारी बसू द्या."

हे इमारतीत सगळ्यांनी ऐकले होते. मामांचा विनोद म्हणून लोक तो एकमेकांना सांगतही असत. पट्टा लावा, एवढे मात्र त्यांनी बाईंकडून कबूल करून घेतले होते, आणि त्या लावत.

सात महिन्यांनी, एका सकाळी साळवी दांपत्य उत्तनजवळ चौक गावात मासळी आणायला गेले. परतताना वळणावर रस्त्याच्या कडेला एक डंपर बंद पडून उभा होता. साळवींना तो उशिरा दिसला. वेग फार नव्हता, असे पोलिसांच्या पंचनाम्यात आहे. दोघांनी पट्टे लावले होते. एकही एअरबॅग उघडली नाही. साळवींच्या बरगड्या आणि डावा पाय मोडला. शुभांगीबाई रुग्णालयात नेईपर्यंत गेल्या होत्या. पिशवी उघडली असती तर त्या वाचल्या असत्या का, हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी तसे कुठे लिहिलेले नाही.

मुलीने मात्र लिहून ठेवल्यासारखे बोलून दाखवले. "आईला तुम्ही मारलंत, बाबा. कोण म्हणालं होतं या वयात गाडी घ्या?" रुग्णालयातून तिने वडिलांना घरी सोडले आणि त्यानंतर ती आली नाही. साळवींनाही तिचे म्हणणे पटले होते. डंपर दिसला नाही, डोळे अधू झालेत, दोष माझाच, असे ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. खंदारेंची बायको त्यांना दोन वेळचा डबा देई. डबा घेऊन जायला खंदारे स्वतः कधी गेले नाहीत.

सहा-सात महिन्यांनी त्यांचा मला फोन आला. गाळ्यावर गेलो तर यंत्रावर कापड टाकलेले होते. गाडी एकही नव्हती. ते आणखी वाळले होते. फुप्फुसात काय आहे ते डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते.

"मागं तुम्ही नाव मागितलं होतं," ते म्हणाले. "आता घ्या. नाव, पत्ता, सगळं."

"आत्ताच का?"

"जर्मनला बोलायला चाळीस वर्षं लागली. माझ्याकडं तेवढी नाहीत." मग खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "समोरच्या दारात माणूस रोज स्वतःला खुनी म्हणतोय, सायेब. आमच्या दारापर्यंत ऐकू येतं."

आधी साळवींना सांगा, मी छापण्यापूर्वी, असे मी म्हटले. त्यांनी मला सोबत नेले. कदाचित साक्षीदार म्हणून, कदाचित मागे फिरता येऊ नये म्हणून.

साळवी पलंगावर बसले होते. खंदारे उभेच राहिले. त्यांनी एअरबॅगचा डबा, दिवा, वायर, कार्पेट सगळे क्रमाने सांगितले. आवाज चढवला नाही, रडले नाहीत, माफी मागितली नाही. शेवटी म्हणाले, "कार्पेट मी टाकलं. मला माहीत होतं."

साळवी अगदी हळू म्हणाले, "म्हणून तिला मागं बसायला सांगत होतात."

"हो."

"आणि आम्ही हसत होतो."

साळवींनी पलंगाशेजारची काठी हातात घेतली.

"हे माझ्या पोरीला सांगा," साळवी म्हणाले. "माझ्यासमोर सांगा. असंच, शब्दाला शब्द."

त्याच संध्याकाळी रिक्षाने आम्ही तिघे बेव्हर्ली पार्कला गेलो. साळवी एका कडेला, खंदारे दुसऱ्या कडेला, मधे मी. मुलीने दार उघडले, वडिलांना पाहून उंबऱ्यातच उभी राहिली. खंदारेंनी जिन्यात उभे राहून पुन्हा सगळे सांगितले. मधे एकदा खोकल्याने अडले, तेव्हा तिने पाणी विचारले नाही. ते थांबेपर्यंत वाट पाहिली.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आमच्याकडचा पेढा खाल्ला होता, मामा."

"खाल्ला होता."

तिने वडिलांचा हात धरून त्यांना आत घेतले. दार लावले. खंदारे बंद दारासमोर थोडा वेळ उभे राहिले, मग कठड्याला धरून जिना उतरू लागले. आणखी दोन ठिकाणी त्यांनी हेच सांगितले, पोलीस ठाण्यात आणि माझ्या टेबलाशी. बातमी नावासकट आली. व्यापाऱ्याने सगळे नाकारले, जागा बदलली आणि दुसऱ्या पाटीखाली धंदा चालू ठेवला. प्रकरण न्यायालयात आहे. वायरमन सापडलेला नाही. खारीच्या गाळ्यावर त्यानंतर एकही काम आले नाही.

पाच महिन्यांनी खंदारे वारले. सकाळी इमारतीच्या आवारात तिरडी बांधत होते. माणसे वीस-पंचवीस असतील. गेटबाहेर रस्त्याच्या पलीकडे साळवी उभे होते. मुलीकडे राहायला गेल्यापासून ते प्रथमच तिथे आले होते. त्यांच्या डाव्या हातात काठी होती. उजवा कोपर मुलीने धरला होता. खंदारेंच्या बायकोने त्यांना पाहिले आणि ती गेटपर्यंत गेली.

"साहेब, आत या."

साळवींनी मान हलवली. "नको. इथूनच."

ती परत आली. तिरडी उचलली, गेटमधून बाहेर काढली आणि डावीकडे स्मशानाच्या रस्त्याला लागली. बापलेक दोघेही जागचे हलले नाहीत, जवळ आले नाहीत, हात जोडले नाहीत. शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत ते उभे होते. मग मुलीने रिक्षा थांबवली, आधी वडिलांची काठी आत ठेवली, नंतर त्यांना बसवले आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली.