माहेरची दोन वर्षं

मालवण-ओरोस एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण सगळा वेळ तोच बोलत होता. मांडीवर फाइल, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेला भलामोठा नारळ. पुढच्या सीटवर त्याची सून मोबाइलवर डोळे लावून बसली होती.

सून धारवाडची. तिकडे पदवीची दोन वर्षं झाली आणि लग्न होऊन ती तारकर्लीला आली. त्या दोन वर्षांची क्रेडिट्स इकडच्या विद्यापीठात जमा झाली तर थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आज ओरोसच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि क्रेडिट्स अजून मोबाइलवर दिसत नव्हती.

"एवढी धावपळ कशाला?" मी उगाच बोलून गेलो.

म्हातारा चिडलाच. "सून माहेरसून भांडीकुंडी हाडता. हिचां दोन वर्सांचां शिक्षण थंयच रवलां, तां हाडूक नको?"

कसालला मोबाइलला रेंज आली आणि सून किंचाळली, "बाबा, इली! सगळी इली!"

म्हातारा चालत्या गाडीत उभा राहिला. नारळ दोन्ही हातांत धरून त्याने तिथेच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, दोन वर्सां धारवाडसून हाडलंस, तशीच आता तिसरांव पार पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खी गाडी गरजली. कंडक्टर गरजला, देवळात कधी तोंड न उघडणारा मीही गरजलो. पण सगळ्यांत मोठा आवाज धारवाडच्या त्या पोरीचा होता.