आधी हात धू

कार्बोलिक साबणाचा वास आला की दारव्ह्याजवळच्या आमच्या वस्तीतली एक हिवाळी दुपार माझ्याभोवती हळूहळू पसरू लागते. अंगणात वेचलेला कापूस वाळत होता आणि उन्हात तो जमिनीपासून बोटभर वर तरंगतोय असं वाटत होतं. मी नर्सिंगच्या परीक्षेत नापास होऊन घरी आले होते. प्रात्यक्षिकात परीक्षक बाई "आधी हात धू" म्हणाल्या, आणि आम्ही बौद्ध धम्म घेतल्यापासून विटाळाविरुद्धच्या पत्रकांवरच वाढलेली मी उसळले होते, "माझे हात विटाळलेले नाहीत!" आता पुन्हा बसायची एकच संधी उरली होती. पोट तपासायच्या सरावासाठी शेजारची वहिनी, आठवा महिना लागलेली, चटईवर आडवी झाली. मी पुढे सरकले तशी आई म्हणाली, "पह्यले हात धू." मी रागानं तिच्याकडे पाहिलं. "इटाळाचं नाई वं, लेकरासाठी सांगून राह्यली." वहिनी हसली, "धू बाई लवकर. हे लेकरू तुह्या निकालासाठी नाई थांबत." मी कार्बोलिक साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. वहिनीनं ते गार, ओले हात ओढून पोटावर ठेवले. आत कुणीतरी झोपेत कूस बदलली, आणि ऊन, कापूस, माझा राग, सगळं क्षणभर बोटभर वर तरंगलं. पुढच्या परीक्षेत कुणी सांगायच्या आत मी हात धुतले आणि पास झाले. विटाळ मानणाऱ्यांशी मी आजही कडाकडा भांडते, पण आधी त्यांच्या सुनेचं बाळंतपण उरकून.