माझ्या रॉडला लागलेला मासा

आधीच सांगून टाकते, हे मी मिरवण्यासाठी लिहितेय. ज्यांना दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही त्यांनी इथेच थांबावं.

कॅलिफोर्नियातल्या टाहो तलावात मॅकिनॉ नावाचा ट्राउट मासा असतो. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट झालं की तो खाली, गार पाण्यात तळाशी जाऊन बसतो आणि त्या तलावाचा तळ फार लांब आहे. आमच्या मुलाला या माशाचा नाद आहे. फ्रीमाँटला आठवडाभर कंप्युटरपुढे बसतो आणि शुक्रवारी दुपारी मीटिंग कॅन्सल करून गाडीला बोट जोडतो. आम्ही दोघं रिटायर होऊन मिशिगनहून त्याच्याजवळ राहायला आलो, तेव्हापासून बोटीत आमचीही वर्णी लागली. माझा नवरा शाकाहारी. तो डोंगर बघायला आणि मी नेलेले पोहे खायला येतो. चौथे मेंबर भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे जुने मित्र. ते मूळचे मालवणचे. मासा हा विषय निघाला की बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे.

मी नागपूरची. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, नागपूरला समुद्र कुठे आहे, वहिनी? मी म्हटलं, टाहोला तरी कुठे आहे? तळं म्हणाल तर मी अंबाझरीच्या काठावर वाढलेय. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या हातातला रॉड एकदम वाकला. "द्या इकडे" हे शब्द माझ्या कानावर पडेपर्यंत रॉड माझ्या हातातून गेलेलाही होता. भाऊजींनी मासा वर काढला. फोटोत मधोमध भाऊजी, त्यांच्या हातात मासा, शेजारी माझा नवरा, आणि कडेला अर्धी मी, चहाचा थर्मास घेऊन. फोटो इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. गणपतीत सगळ्यांनी भाऊजींना गराडा घातला आणि त्यांनी ती गोष्ट हातवारे करून सांगितली. मासा प्रत्येक वेळी थोडा वाढत होता. मी पलीकडे प्रसाद वाटत होते. ते काही खोटं बोलले नाहीत, मासा त्यांनीच काढला होता. पण मला ते सलत राहिलं.

का सललं ते सांगते. मी भूलतज्ज्ञ होते. आमच्या कामात पेशंट झोपलेला असतो, त्यामुळे तो आम्हाला लक्षात ठेवणार कसा? बरं झाल्यावर चॉकलेटं आणि थँक यू कार्डं सर्जनला जातात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. भूलतज्ज्ञाची आठवण राहिली तर काहीतरी बिघडलंय असंच समजायचं. पण जन्मभर असं काम केल्यावर वाटलं, आता एखादी गोष्ट अशी हवी, की चारचौघांत म्हणता यावं, ही मी केली. मासा तर मासा.

म्हणून या वर्षी निघताना गाडीपाशीच जाहीर केलं. माझ्या रॉडला जे लागेल ते माझं. सुटलं तर माझं सुटलं. कुणी हात लावायचा नाही. नवरा म्हणाला, मला तसाही लावायचा नसतो. मुलगा म्हणाला, "फेअर इनफ, आई." भाऊजी हो हो म्हणाले, लहान मुलांना म्हणतात तसं.

सकाळी तलावावर जुलैतही जाकिटं घालावी लागली. मुलगा मासे शोधायच्या यंत्राच्या स्क्रीनवर तळाजवळच्या माशांच्या रेघा बघत होता. त्याने बोट थांबवली आणि मी जिग सोडला. जिग म्हणजे शिशाचा जड चमकता तुकडा, त्यालाच गळ असतो. तो किती वेळ जातच राहतो. तळ लागला की दोरा ढिला पडतो, मग दोन हात वर उचलायचा, पुन्हा सोडायचा. खांदा भरून आला. पोहे संपले. नवरा आणि भाऊजी भारतातल्या राजकारणावर वाद घालत होते, आणि रॉड वाकला.

भाऊजी उठलेच. हात पुढे आला. मी खांदा मध्ये घातला. हात मागे गेला, पण तोंड सुरू झालं. ओढा. जोरात ओढा. ढिला सोडू नका. खाली माशाने डोकं झटकलं ते थेट कोपरापर्यंत कळलं. तो ओढ घ्यायला लागला तशी मी त्याला दोरा जाऊ दिला. भाऊजींना ते बघवेना. सुटेल हो वहिनी, म्हणाले, द्या इकडे.

"भाऊजी," मी म्हटलं, "हळूहळू वर आणायचं, हेच काम मी आयुष्यभर केलंय. बसा खाली."

ते बसले. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसले.

मासा ओढायचा तेव्हा मी थांबत होते, तो दमला की रीळ फिरवत होते. घाई केली तर बिघडतं आणि लक्ष हटलं तरी बिघडतं, हे माझ्या हातांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नवऱ्याने विचारलं, पाणी देऊ का? मी मानेनेच नको म्हटलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. हा सुटला असता तर 'वहिनींनी घालवलेला मासा' म्हणून पुढच्या प्रत्येक गणपतीत निघाला असता.

मग मुलगा हळूच म्हणाला, बबल्स बघ. खोलातून वर येताना हा मासा पोटातली हवा सोडतो. बोटीच्या कडेला एकामागून एक बुडबुडे फुटायला लागले, मासा अजून दिसतही नव्हता. ऑपरेशन संपताना मी अशाच एका खुणेची वाट बघायची. पेशंट स्वतःचा श्वास घेतो आणि माझ्या हातातली, त्याला श्वास देणारी पिशवी आपोआप जराशी हलते. ती हलली की समजायचं, आला. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

करडा-हिरवा, अंगभर फिकट ठिपके, शेपटी दुभंगलेली. गेल्या वर्षीच्यापेक्षा मोठा, हे मी मुद्दाम नोंदवते. मी म्हटलं, भाऊजी, जाळं धरा. त्यांनी खालून एका झटक्यात अलगद उचललं. ते काम मालवणच्या माणसानेच करावं, हेही कबूल करते.

धक्क्याला बोट लागली. कुत्रा घेऊन फिरणारे एक गोरे आजोबा आमच्या बर्फाच्या पेटीत डोकावले आणि अर्थातच भाऊजींकडे वळले. किती खोलावर होता? काय लावलं होतं? फार झुंजला का? भाऊजींनी टोपी सारखी केली. मी दोरखंड गुंडाळत होते. गेल्या वर्षीची सगळी गोष्ट त्यांच्या जिभेवर तयार होती, मला ती पाठ आहे.

"नॉट मी," भाऊजी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हर फिश. आय ओन्ली हेल्ड द नेट."

आजोबा माझ्याकडे वळले. मी दोरखंड खाली ठेवला, हात पुसले आणि त्यांना अगदी पहिल्यापासून सगळं सांगितलं, जराही घाई न करता.