सात शर्टांची बटणं

टेलरबाईंना मामानं आयुष्यभर छळलं, पण त्याच्यासाठी केलेल्या सरकारी अर्जानं तीन महिन्यांत त्याच्यावर मात केली.

बाईंचं दुकान चौकाच्या एका टोकाला. एक मशीन, एक आरसा आणि आखूड करायला आलेल्या पँटींचा ढीग, एवढंच दुकान. मामाची खोली चौकाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. दिवसातून तीनदा ‘पंधरा मिनिटांत येते’ अशी पाटी दाराला अडकवून बाई तिकडे धावायच्या, आणि त्या पंधरा मिनिटांचा दीड तास व्हायचा. पाटी वाचून वाचून कंटाळलेली गिऱ्हाइकं हळूहळू पलीकडच्या गल्लीतल्या टेलरकडे जायला लागली होती. अजून दोन-तीन महिने असेच गेले असते, तर ती पाटी कायमचीच लागली असती.

मामा सत्त्याऐंशी वर्षांचा. लग्न केलं नाही. बहीण वारली तेव्हा तिची सहा वर्षांची मुलगी, म्हणजे ह्या टेलरबाई, त्यानंच सांभाळली. तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होता. गणवेशाचं वरचं बटणसुद्धा उन्हाळ्यात कधी उघडं ठेवलं नाही. आता सांधेदुखीनं बोटं पार वाकडी झाली होती, ताठा मात्र सरळच्या सरळ. गेल्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पडला, दोन तास फरशीवर पडून राहिला, आणि बाई आल्यावर म्हणाला, “जरा टेकलो होतो.”

तेव्हा बाईंनी सरकारी मदतीसाठी अर्ज करायचं ठरवलं. घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी एक योजना आहे असं त्यांनी ऐकलं होतं. खिडकीमागच्या कारकुनानं कागद उलटापालटा केला.

“मुलगा, मुलगी, सून, नवरा, बायको. भाची नाही यात.”

“अहो, पण सगळं मीच करते!”

“करत असाल हो. पण भाचीचा रकाना नाही.”

मग दुसरी योजना निघाली, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. तिच्यात रोज चार तास मदतनीस येते. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र, मग त्याच पत्रावर शिक्का, मग मामा जिवंत असल्याचा दाखला. तो आणायला जिवंत मामाला धरून दोन मजले उतरवावं लागलं. एवढे हेलपाटे घातल्यावर कळलं की खरी परीक्षा पुढेच आहे. माणूस घरी येऊन पाहणी करणार, आणि मामाला स्वतःचं स्वतः करता येत नाही असं त्याला दिसलं तरच मदत मिळणार.

“मामा, उद्या जसा असतोस तसाच राहा,” बाईंनी आदल्या दिवशी बजावलं. “उगाच रुबाब नको दाखवूस.”

“मी कधी रुबाब दाखवतो?” मामा म्हणाला.

सकाळी बाई पोचल्या तर मामा दाढी करून बसलेला. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं, केस चापूनचोपून बसवलेले. बाईंनी कपाळावर हात मारला.

साहेब आले, मध्यम वयाचे, घामाघूम. “तपासनीस का तुम्ही?” मामानं विचारलं. “वा! मीही तपासनीसच.” झालं, आता काय विचारता! चालून दाखवा म्हटल्यावर मामा खिडकीपर्यंत गेला आणि कशालाही न धरता परत आला. आता उद्या दिवसभर हा अंथरुणावरून उठणार नाही, हे फक्त बाईंना ठाऊक. चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी उचलला. बशीत निम्मा सांडला, पण साहेब तेव्हा खाली मान घालून लिहीत होते. बाई त्यांच्या पाठीमागून हातवारे करत होत्या आणि मामा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

“आता शर्ट घालून दाखवता?”

बाईंचे हातवारे थांबले. दोन वर्षांपूर्वी मामाला एका शर्टाची बटणं लावायला पाऊण तास लागला होता आणि त्यानं बाईंना हात लावू दिला नव्हता. त्या आठवड्यात बाईंनी त्याचे सातही शर्ट नेले, काजं शिवून बंद केली, बटणं वरून नुसती दिसायला टाकली आणि आतून वेल्क्रोची पट्टी लावली. तळहातानं दाबलं की शर्ट बंद. पहिल्या दिवशी मामानं दाबून पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाला, “इस्त्री चांगली झालीय.” त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

मामानं आता शर्ट चढवला, छातीवरून वरून खाली हात फिरवला आणि हनुवटी वर करून उभा राहिला. पुरते दहा सेकंदही लागले नाहीत.

“छान!” साहेब म्हणाले. “कपडे, स्वतः घालतात.” आणि त्यांनी खूण केली.

बाईंचं डोकंच सणकलं. तीन महिन्यांचे हेलपाटे, बंद दुकान, न्हाणीघराची ती फरशी, सगळं त्या एका खुणेत गेलं होतं, आणि ते घालवलं होतं त्यांच्याच शिलाईनं.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “काढूनही दाखवायला सांगा ना.”

मामानं बाईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं शर्टाची कड धरून ओढली.

चर्रर्र.

साहेबांनी मान वर केली. बाईंनी सगळं सांगितलं, भरभर, मामाकडे न बघता. साहेबांनी खूण खोडून दुसरी केली. मामा उघड्या शर्टानं खिडकीबाहेर बघत बसला. बाईंना स्वतःचा इतका राग आला की उरलेला चहा त्यांनी मोरीत ओतला आणि कप आपटला.

मदत मंजूर झाली. सोमवार ते शनिवार, सकाळी चार तास. पहिल्या सोमवारी मदतनीस आली, तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मामा बाईंशी धड बोलला.

“सगळे शर्ट घेऊन जा. नीट करून आण. खरी बटणं पाहिजेत.”

म्हणजे ज्या चार तासांसाठी बाईंनी जिवाचं रान केलं होतं, ते पहिलेच चार तास वेल्क्रो उसवण्यात आणि काजं करण्यात गेले. गिऱ्हाइकांच्या पँटी तशाच पडल्या. मशीन चालवता चालवता बाई मामाला, कारकुनाला, साहेबांना आणि भाचीचा रकाना न छापणाऱ्या छापखान्याला नावं ठेवत होत्या.

दुपारी त्यांनी सातही शर्ट मामासमोर ठेवले. मामानं तिकिटं तपासावीत तसं एकेक बटण अंगठ्यानं चाचपलं. उद्यापासून मदतनीस बटणं लावणार आणि हा छताकडे बघत उभा राहणार, हे ठरलेलंच होतं. भाचीनं लावायची नाहीत, परक्या बाईनं लावली तर चालतील!

सातवा, निळा शर्ट मामानं बाजूला काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला.

“हा पुन्हा होता तसा कर.”

“अरे, आत्ताच तर उसवला! आधी सांगायला काय झालं होतं तुला?”

“रविवारी ती येत नाही,” मामा म्हणाला. “रविवारी तूच असतेस.”

बाईंनी पिशवीतून कात्री काढली आणि पहिलं बटण कापलं.